पहिले महायुद्ध : कसे पेटले आणि काय मागे ठेवून गेले

आपल्या शालेय पुस्तकांतून पहिल्या महायुद्धाचे प्रकरण एका ठरावीक साच्यातून येते. प्रथम मूळ कारणे म्हणून राष्ट्रवाद, साम्राज्यवाद, लष्करवाद आणि गुप्त करार ही चार नावे. मग तात्कालिक कारण म्हणून सारायेव्हो येथील खून. आणि शेवटी परिणाम म्हणून व्हर्सायचा तह व राष्ट्रसंघ. परीक्षेपुरते हे ठीक आहे. परंतु एका प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. ज्या युरोपच्या राजघराण्यांत परस्पर सोयरिकी होत्या, जेथील बहुसंख्य प्रजा एकाच ख्रिस्ताचे नाव घेत होती, जेथील विद्यापीठे, ग्रंथालये आणि महामंदिरे यांचा साऱ्या जगाला हेवा वाटावा, तो युरोप अवघ्या सदतीस दिवसांत चार वर्षे चाललेल्या मनुष्यसंहारात कसा उतरला?

या प्रश्नाशी आपला संबंध नाही असे कोणी म्हणू नये. त्या युद्धात सातारा-रत्नागिरीकडची माणसे मेसोपोटेमियाच्या वाळूत पडली, आणि मुंबई-पुण्याच्या ख्रिस्तसभेचा कारभार त्यापायी पार बदलून गेला. त्याकडे पुढे वळू. आधी युरोप.

इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म आणि रशियाच्या झारची पत्नी अलेक्झांड्रा ही तिन्ही व्हिक्टोरिया राणीची नातवंडे. झार दुसरा निकोलस हा पाचव्या जॉर्जचा मावसभाऊ, आणि दोघांचे चेहरे इतके सारखे की छायाचित्रात ओळखताना गफलत व्हावी. कैसर आणि झार एकमेकांना लिहिताना 'विली' आणि 'निकी' ही घरगुती नावे वापरीत. युद्धाच्या अगदी तोंडावरही दोघांमध्ये याच नावांनी तारा चालू होत्या. घरोबा असला म्हणजे तंटा होत नाही, ही समजूत खरी नाही हे आपल्याकडच्या कोणत्याही दिवाणी कोर्टाच्या पायरीवर कळते. युरोपला ते १९१४ साली कळले.

मागची चाळीस वर्षे

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला, आल्सेस आणि लॉरेन या प्रांतांचा लचका तोडला आणि व्हर्सायच्या राजवाड्यात नव्या जर्मन साम्राज्याची घोषणा केली. फ्रान्सने हा अपमान गिळला, पचवला मात्र नाही. फ्रान्स सूड घेणार हे ओळखून चॅन्सेलर बिस्मार्कने १८७९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीशी करार केला; १८८२ मध्ये इटली त्यात आली. रशियालाही त्याने हाताशी धरून ठेवले होते. १८९० मध्ये तरुण कैसरने बिस्मार्कला घरी बसवले आणि रशियाशी असलेला करार पुढे चालू ठेवला नाही. मग प्रजासत्ताक फ्रान्स आणि झारशाही रशिया ही विजोड जोडी १८९४ मध्ये एकत्र आली. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी आपली वसाहतींची जुनी भांडणे मिटवली. यातला प्रत्येक करार संरक्षणासाठी होता. बांधावरून दोन भाऊ भांडू लागले की हळूहळू सारी भावकी दोन तटांत उभी राहते, आणि मग बांधाचे राहते बाजूला. तसेच काहीसे हे झाले.

समुद्रावर वेगळीच चुरस चालली होती. जर्मनीने १८९८ पासून मोठे आरमार उभारण्यास घेतले. ब्रिटनने १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' नावाची युद्धनौका पाण्यात सोडली आणि तिच्यापुढे आधीच्या साऱ्या युद्धनौका, खुद्द ब्रिटनच्यासुद्धा, जुनाट ठरल्या. जर्मनीने त्याच धर्तीच्या नौका बांधल्या. ब्रिटनने आणखी बांधल्या. वसाहतींच्या ओढाताणीची उदाहरणे द्यायची तर १९०५ आणि १९११ मधील मोरोक्कोची दोन प्रकरणे पुरेत. दोन्ही वेळा युद्ध टळले आणि दोन्ही वेळा जर्मनी नाराज होऊन बाजूला झाली.

खरा ज्वालाग्राही माल साठला होता तो बाल्कनमध्ये. तुर्की साम्राज्य मागे सरत होते आणि त्याच्या जागी कोण येणार यावरून ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्यात तेढ होती. ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बोस्निया आपल्या राज्याला जोडून घेतला. तेथे मोठ्या संख्येने सर्ब राहत होते आणि शेजारच्या सर्बियाचा त्या भूमीवर डोळा होता. रशियाला तेव्हा माघार घ्यावी लागली. पुन्हा अशी माघार घ्यायची नाही असे तेथील मुत्सद्द्यांनी मनाशी ठरवले. १९१२-१३ च्या दोन बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. दहा-बारा भाषा बोलणाऱ्या प्रजांची मोट बांधून बसलेल्या व्हिएन्नाच्या वृद्ध सम्राटाला आणि त्याच्या सेनापतींना सर्बिया हा जिवावरचा धोका वाटू लागला.

सारायेव्हो

ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याने २८ जून १९१४ हा दिवस सारायेव्होच्या भेटीसाठी निवडला. सर्ब लोकांच्या दृष्टीने हा दिवस १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईच्या स्मृतीचा. त्या दिवशी त्या शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजाने मिरवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होते. सहा-सात तरुण वाटेवर दबा धरून होते. त्यांतल्या एकाने बाँब टाकला. तो मागच्या गाडीजवळ फुटला आणि काही जण जखमी झाले. युवराज तरीही नगरभवनात गेला, रागावून बोलला, आणि मग जखमींना पाहायला इस्पितळात जायचे म्हणून त्याने मार्ग बदलला. हा बदल गाडीवानाला कोणी सांगितला नाही. गाडी जुन्या मार्गाने वळली, चूक लक्षात येताच थांबली, आणि ती थांबली ती नेमकी गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या मुलासमोर. त्याने दोन गोळ्या झाडल्या. युवराज आणि त्याची पत्नी सोफी दोघेही गेले. वीस वर्षे पूर्ण नसल्यामुळे प्रिन्सिपला फाशी झाली नाही. क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत तो एप्रिल १९१८ मध्ये तुरुंगात मेला.

गाडीवानाची ती चूक इतिहासकारांना फार प्रिय आहे, आणि ती झाली नसती तर काय झाले असते यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला त्या चुकीपेक्षा पुढच्या पाच आठवड्यांतल्या जाणूनबुजून केलेल्या गोष्टी अधिक विचार करायला लावतात.

सदतीस दिवस

खुनानंतर जवळजवळ महिनाभर सामान्य युरोपीय माणसाला काही विशेष घडते आहे असे वाटलेच नाही. उन्हाळा होता, लोक सुट्टीवर होते. पण ५ आणि ६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला शब्द दिला होता की सर्बियाचे काय करायचे ते करा, आम्ही पाठीशी आहोत. इतिहासात याला 'कोरा धनादेश' म्हणतात, आणि हे नाव अगदी समर्पक आहे. ऑस्ट्रियाने लगेच हल्ला केला असता तर कदाचित युरोपची सहानुभूती तिच्या बाजूने राहिली असती. तिने २३ जुलैपर्यंत वेळ घेतला आणि मग सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत देणारा खलिता धाडला. त्यातील अटी नाकारल्या जाव्यात अशाच बेताने लिहिलेल्या होत्या. सर्बियाने २५ तारखेला उत्तर दिले. बहुतेक अटी मान्य केल्या, ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी आपल्या भूमीवर तपासात भाग घ्यावा ही अट मात्र मानली नाही. हे उत्तर कैसरने २८ जुलैच्या सकाळी वाचले आणि आता युद्धाचे सारे कारणच उरले नाही असा शेरा मारला. त्याच दिवशी त्र्याऐंशी वर्षांच्या फ्रान्झ जोसेफने सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या घोषणेवर सही केली आणि ती तारेने रवाना झाली.

यापुढे मुत्सद्द्यांच्या हातून गोष्टी सुटून सेनापतींच्या हाती गेल्या, आणि सेनापतींच्या हातूनही सुटून रेल्वेच्या वेळापत्रकांच्या हाती गेल्या असे म्हटले तरी चालेल. त्या काळी लाखो राखीव सैनिकांना बोलावून, गणवेश देऊन, घोडे व तोफांसह सीमेवर पोहोचवायचे तर हजारो गाड्यांचे मिनिटामिनिटाचे नियोजन वर्षानुवर्षे आधी करून ठेवावे लागे. जो आधी सैन्य जमवील त्याची सरशी, असा सर्वांचा समज. झारने २९ जुलैला सर्वंकष सैन्यजमवणीचा हुकूम दिला, कैसरची तार वाचून त्याच रात्री तो मागे घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सेनापतींच्या आग्रहापुढे मान तुकवून पुन्हा दिला. केवळ ऑस्ट्रियाच्या सीमेवर सैन्य जमवण्याची स्वतंत्र योजनाच धड तयार नव्हती.

जर्मनीची अडचण याहून विचित्र होती. दोन आघाड्यांवर लढावे लागले तर प्रथम बेल्जियममधून घुसून सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचे आणि मग पूर्वेला वळायचे, ही श्लीफेनच्या नावाने ओळखली जाणारी योजना तिच्यापाशी होती. म्हणजे भांडण रशियाशी, आणि पहिला घाव फ्रान्सवर, तोही ज्याचा कशाशीच संबंध नाही अशा बेल्जियमच्या छातीवरून! १ ऑगस्टला ब्रिटन अलिप्त राहील असा कैसरचा गैरसमज झाला, तेव्हा त्याने सरसेनापती मोल्टके यास सांगितले की सारे सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टकेने उत्तर दिले की ते अशक्य आहे, एकदा मांडलेली योजना बदलता येत नाही. साम्राज्याचा धनी कैसर, आणि त्याला आपल्याच गाड्यांची दिशा बदलता येईना.

१ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी, ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध पुकारले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारान्वये ब्रिटनप्रमाणे प्रशियानेही दिली होती. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरला. त्या दिवसांत युद्धाला विरोध करणारे लोक नव्हते असे नाही. ब्रिटिश मंत्रिमंडळातील दोघांनी राजीनामे दिले. फ्रान्समधील समाजवादी पुढारी झाँ झोरेस अखेरपर्यंत शांततेसाठी झटला. ३१ जुलैला पॅरिसच्या एका उपाहारगृहात त्याला गोळी घालण्यात आली.

मग दोष कोणाचा? व्हर्सायच्या तहाने तो जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकला. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच जर्मन दप्तरांच्या आधारे आपल्या देशाची जबाबदारी मोठी असल्याचे मांडले आणि जर्मनीत वादळ उठले. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क याने सर्वच राजधान्या झोपेत चालणाऱ्यांप्रमाणे युद्धाकडे गेल्या असे दाखवले. माझ्या अल्पमतीप्रमाणे बर्लिन आणि व्हिएन्ना यांचा दोष इतरांहून निश्चित मोठा आहे, कारण आग विझवणे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या दोघांच्या हाती होते. मात्र झोपेत चालणाऱ्याची उपमा मला पुरती पटत नाही. ही माणसे जागी होती. एक पाऊल मागे घेतले तर आपली पत जाईल, या भीतीने त्यांना ग्रासले होते.

खंदकांचा काळ

नाताळपर्यंत घरी परतू, असे सैनिकांना सांगण्यात आले होते. सप्टेंबरमध्ये मार्न नदीवर जर्मन आगेकूच अडली आणि वर्षाअखेर उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदकांची अखंड रांग उभी राहिली. मशीनगन आणि काटेरी तारेपुढे उघड्या मैदानातून चाल करणे म्हणजे मरण होते, आणि तरीही चार वर्षे चाल होत राहिली. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोम नदीच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक ठार झाले. व्हर्दुन येथे त्याच वर्षी दहा महिन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख गेले आणि सीमा जवळजवळ होती तेथेच राहिली. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला; थोड्याच दिवसांत त्या आघाडीवर हिंदी फौजाही होत्या. पुढे दोन्ही बाजू विषारी वायू वापरू लागल्या. जर्मनीची ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केली आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात तेथील गोरगरिबांनी सलगमावर दिवस काढले.

न ऐकलेली हाक

युद्ध पेटल्यावर पंधरवड्यात, २० ऑगस्ट १९१४ रोजी पोप दहावे पायस निवर्तले. नव्या पोपच्या निवडीसाठी जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया, बेल्जियम अशा लढणाऱ्या सर्व देशांचे कार्डिनल रोमला जमले. बेल्जियमचे कार्डिनल मर्सिये रोमकडे निघालेले असतानाच त्यांचे विद्यापीठनगर लुव्हाँ जर्मन सैन्याने पेटवले आणि तेथील जुन्या ग्रंथालयाची राख झाली. ३ सप्टेंबरला निवड झाली ती जाकोमो देल्ला किएसा यांची. त्यांनी पंधरावे बेनेडिक्ट हे नाव घेतले.

त्यांची स्थिती फार अवघड होती. ख्रिस्तसभेची लेकरे दोन्ही खंदकांत होती. फ्रान्समध्ये सक्तीच्या लष्करभरतीतून धर्मगुरूही सुटले नव्हते. हजारो धर्मगुरू सैन्यात होते आणि पलीकडे जर्मन कॅथलिक पलटणींतही मिस्सा होत असे. दोन्ही बाजूंचे बिशप आपापल्या देशाच्या जयासाठी प्रार्थना करीत, आणि हे लिहिताना बरे वाटत नाही, पण दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवरून या रक्तपाताला धर्मयुद्धाचा मुलामा देणारी प्रवचने झाली. पोपनी १९१४ च्या नाताळला तरी तोफा थांबवाव्यात अशी विनंती केली. सरकारांनी ती मानली नाही. गंमत अशी की फ्लँडर्सच्या काही खंदकांत साध्या शिपायांनी आपण होऊन ती पाळली. ते बाहेर आले, सिगारेटी वाटल्या, आपापले मुडदे पुरले आणि नाताळची गाणी गायली. पुढच्या वर्षी असे होऊ नये म्हणून वरिष्ठांनी कडक हुकूम काढले.

पोपनी कोणत्याही बाजूचा नाव घेऊन निषेध केला नाही. फ्रान्समध्ये त्यांना 'जर्मनांचा पोप' म्हणत आणि जर्मनीत 'फ्रेंचांचा पोप'. बेल्जियमवर उघड अन्याय झालेला असताना हे मौन कितपत योग्य, हा प्रश्न बेल्जियमच्या कॅथलिकांनी तेव्हाच विचारला होता, आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु त्यांनी हात जोडून बसणे पसंत केले नाही. युद्धकैद्यांचा शोध घेऊन घरच्यांना कळवणारे कार्यालय व्हॅटिकनमध्ये उघडले. अपंग व आजारी कैद्यांची स्वित्झर्लंडमार्फत सुटका व अदलाबदल घडवली. तुर्कस्तानात आर्मेनियन ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू झाली तेव्हा १९१५ मध्ये त्यांनी सुलतानाला स्वतः पत्र लिहिले.

१ ऑगस्ट १९१७ या तारखेने त्यांनी लढणाऱ्या राष्ट्रांच्या प्रमुखांना तहाचा मसुदाच पाठवला. सर्वांनी एकाच वेळी शस्त्रे कमी करावीत, तंटे लवादाकडे न्यावेत, समुद्र सर्वांना मोकळे असावेत, युद्धखर्चाची मागणी परस्परांनी सोडून द्यावी, बेल्जियम व फ्रान्सचा व्यापलेला प्रदेश सोडावा आणि जर्मनीच्या वसाहती परत द्याव्यात. आल्सेस-लॉरेन, आर्मेनिया, बाल्कन, पोलंड यांचे प्रश्न तेथील लोकांच्या इच्छा पाहून समजुतीने सोडवावेत, असे त्याचे स्वरूप होते. युद्धाला त्यांनी त्यात 'निरर्थक कत्तल' म्हटले, आणि हे दोन शब्द इटलीच्या सेनापतींना फार झोंबले. जर्मनीने गोड शब्दांत, पण बेल्जियमविषयी काहीच आश्वासन न देता उत्तर धाडले. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीच्या सध्याच्या राज्यकर्त्यांच्या शब्दावर विसंबता येत नाही असे कळवले. फ्रान्स आणि इटलीने उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. याचे एक कारण नंतर उघडकीस आले. एप्रिल १९१५ मध्ये इटलीने युद्धात यावे म्हणून लंडनमध्ये जो गुप्त करार झाला, त्याच्या पंधराव्या कलमात पोपना शांततेच्या वाटाघाटींत भाग घेऊ द्यायचा नाही असे आधीच ठरलेले होते. हा करार १९१७ च्या अखेरीस रशियातील बोल्शेविकांनी दप्तरातून काढून छापला.

जानेवारी १९१८ मध्ये विल्सन यांनी आपली चौदा सूत्रे मांडली. त्यांतली शस्त्रकपात, समुद्रस्वातंत्र्य, बेल्जियमची मुक्तता ही सूत्रे पोपच्या मसुद्यातही होती. लढणारे मुकुटधारी होते त्यांत ऑस्ट्रियाचा नवा सम्राट कार्ल याने तेवढी तह व्हावा म्हणून खरी धडपड केली. ती फसली, तो पदच्युत होऊन १९२२ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावर मेला. २००४ मध्ये ख्रिस्तसभेने त्यास धन्यवादित घोषित केले.

कुत-अल-अमारा

आता आपल्या माणसांकडे येऊ. तेरा लाखांवर हिंदी लोक या युद्धात कामी लावले गेले आणि सुमारे ७४,००० मेले. फ्रान्समध्ये मार्च १९१५ च्या नव्ह-शापेलच्या लढाईत हल्ला करणाऱ्या फौजेत निम्मे हिंदी होते. मराठी मुलखाचा खरा वाटा मात्र मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये.

इराणच्या तेलाचे रक्षण करण्यासाठी हिंदुस्थानातून तेथे फौज धाडली गेली. सहावी डिव्हिजन ही पुण्याची. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आणि खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्या होत्या. जनरल टाउनशेंड तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने पुढे पुढे गेला. अन्नपुरवठा, नावा, दवाखाने मागे पडत गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे अडून सैन्य कुत-अल-अमारा या गावी माघारी आले आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात सापडले. वेढा जवळजवळ पाच महिने टिकला. अन्न संपल्यावर घोडे मारून खाणे सुरू झाले. अनेक हिंदी शिपायांनी धर्माला सोडून ते मांस खाण्यास नकार दिला. हिंदुस्थानातील धर्मपुढाऱ्यांची परवानगी तारेने मागवावी लागली, तरीही कित्येकांनी शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत तोंडाला लावले नाही. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांनी शरणागती दिली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर मानाने ठेवण्यात आले. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेले आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. हजारो वाटेतच पडले.

या दारुण प्रकारातून एक राजकीय परिणाम निघाला, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. जखमींच्या हालांची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात बाहेर आला, हिंदुस्थान सरकारवर कडक ताशेरे आले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. युद्धामुळे राज्यकर्त्यांना हिंदी लोकांची गरज होती हे त्यामागचे मोठे कारण. पण ती घोषणा करणारा माणूस त्या खुर्चीवर आला तो कुतच्या वाटेने.

१९१७ मध्ये भरतीची चणचण पडल्यावर १११ वी महार पलटण उभारण्यात आली, आणि युद्ध सरल्यावर थोड्याच वर्षांत मोडण्यात आली. लष्करात पुन्हा घ्यावे या त्या समाजाच्या मागणीला दुसऱ्या महायुद्धापर्यंत थांबावे लागले.

हिशेब

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या तेव्हा नव्वद लाखांहून अधिक सैनिक मेले होते. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि तुर्कस्तान या चार ठिकाणची राजघराणी गेली किंवा जाण्याच्या मार्गावर होती. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्या २८ जून १९१९ रोजी, सारायेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, आणि त्याच आरसेमहालात जेथे १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. हा योगायोग नव्हता; फ्रान्सने जागा निवडून घेतली होती. तहाच्या २३१ व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनीवर आली, १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरला. तो आकडा कधीच पुरता वसूल झाला नाही, पण त्याच्या अपमानाचे भांडवल करून एक पक्ष जर्मनीत सत्तेवर आला. भरपाईसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी फेडला. अरब प्रदेशांची ब्रिटन-फ्रान्समधील गुप्त वाटणी आणि १९१७ ची बाल्फोर घोषणा यांतून पश्चिम आशियात जे पेरले गेले, त्याचे पीक अजून निघते आहे.

हिंदुस्थानाच्या वाट्याला महागाई आली, आणि साथ आली. १० जून १९१८ हा मुंबईच्या इतिहासातला विलक्षण दिवस. त्या दिवशी गव्हर्नर विलिंग्डन यांनी भरवलेल्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक स्वराज्याविषयी बोलू लागताच त्यांना अडवण्यात आले आणि ते सभा सोडून गेले. त्याच दिवशी मुंबईचे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. इन्फ्लुएन्झा गोदीतून आला, पावसाळ्यात ओसरला आणि सप्टेंबरात दुप्पट विखारी होऊन परतला. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महाग होते, अंगात ताकद नव्हती. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत आणि त्याहूनही अधिक माणसे गेल्याचे अंदाज आहेत. रणांगणावर मेलेल्या साऱ्या जगाच्या सैनिकांहून हा आकडा मोठा आहे. पुढल्या वर्षी मार्चमध्ये रौलट कायदा आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग.

गोव्यालाही झळ लागली. मार्च १९१६ मध्ये जर्मनीने पोर्तुगालशी युद्ध पुकारले. मार्मागोवा बंदरात १९१४ पासून आसरा घेऊन राहिलेली जर्मन व्यापारी जहाजे पोर्तुगीजांनी ताब्यात घेतली.

राहता राहिली आपल्या ख्रिस्तसभेची गोष्ट. वसई-साष्टीतली बहुतेक जुनी धर्मग्रामे तेव्हा पोर्तुगीज पाद्रोआदोखाली, दमणच्या धर्मप्रांतात होती, त्यामुळे तेथे फारसे हलले नाही. पण मुंबईचे आर्चबिशपपद, १८६९ मध्ये स्थापन झालेले सेंट झेवियर्स कॉलेज, पुण्याचा धर्मप्रांत आणि नगर जिल्ह्यातील मिशन हे सारे जर्मन येशूसंघीयांच्या हाती होते. युद्ध सुरू होताच ते एका रात्रीत शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. जर्मन नागरिकांसाठी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे छावणी उघडण्यात आली. ज्या जिल्ह्यात जर्मन धर्मगुरू खेड्याखेड्यांतून शाळा चालवीत होते, तेथेच काटेरी कुंपणामागे त्यांचे देशबंधू बसले. १९१५-१६ मध्ये बहुतेकांना जहाजात घालून मायदेशी धाडण्यात आले. मुंबईचे आर्चबिशप हर्मन युर्गन्स १९१६ मध्ये मरण पावले, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ ते पद रिकामे राहिले. डिसेंबर १९१९ मध्ये इंग्रज येशूसंघीय आल्बन गुडियर यांची नेमणूक झाली. जर्मन मिशनऱ्यांना परतण्यास सरकारची मनाई होती, तेव्हा त्यांच्या जागी स्पेनचे येशूसंघीय आले. प्राचीन भारताच्या इतिहासाचे संशोधक फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये सेंट झेवियर्समध्ये आले ते याच प्रवाहातून.

पुण्याचे बिशप हेन्रिक डोरिंग हेही जर्मन. त्यांना आपल्या धर्मप्रांतात राहता आले नाही. १९२१ मध्ये रोमने त्यांना जपानमधील हिरोशिमाच्या नव्या मिशनक्षेत्राचे प्रमुख नेमले आणि हिंदुस्थानातून दूर झालेल्या जर्मन येशूसंघीयांना तेथे नवे कार्यक्षेत्र मिळाले. १९२७ मध्ये डोरिंग पुण्यास परतू शकले. ते १९४८ पर्यंत तेथे बिशप होते, आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आले ते भारतीय बिशप.